लाल, नारिंगी, हिरवा: बालटेनिसमधील टप्प्यांची पार्श्वभूमी

'टप्पा' या शब्दाला टेनिसमध्ये दोन अर्थ आहेत. चेंडू जमिनीवर आपटून वर येतो तो टप्पा, आणि शिकणाऱ्याने चढायची पायरी हाही टप्पाच. लहान मुलांना टेनिस शिकवण्याची जी पद्धत आज लाल, नारिंगी आणि हिरव्या चेंडूंमुळे ओळखली जाते, तिच्यात हे दोन्ही अर्थ मुळात एकत्र नांदत होते: मुलाला जितकी उसळी पेलते तितकी त्याची पायरी. पुढे पायरी उसळीपासून सुटली आणि जन्मतारखेला बांधली गेली. या पद्धतीभोवतीचे बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात, म्हणून या टिपणातही त्याच भागाला अधिक जागा दिली आहे.

कोर्टाची २३.७७ मीटर लांबी आणि एकेरीसाठीची ८.२३ मीटर रुंदी १८७७ सालच्या पहिल्या विम्बल्डन स्पर्धेतही हीच होती, आणि त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. ही मापे प्रौढांच्या पावलांसाठी होती. मुलांसाठी फार तर रॅकेट लहान केली जाई. जाळे, कोर्ट आणि चेंडू तेच राहत. शिकवण्यात टप्पे होते, पण ते फटक्यांचे होते: आधी फोरहँड, मग बॅकहँड, मग व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) आणि गुणाची सुरुवात करणारी सर्व्हिस शेवटी. मुले रांगेत उभी राहत, प्रशिक्षक टोपलीतून एकेक चेंडू टाकत असे आणि आपली पाळी आली की मूल तो परतवत असे. प्रत्यक्ष गुण मोजून खेळण्याची वेळ फार उशिरा येई आणि तोपर्यंत पुष्कळ मुलांचा धीर सुटलेला असे.

या अडचणीचे मूळ साध्या मोजमापात आहे. प्रमाणित पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून काँक्रीटवर सोडला, तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे अशी अट नियमात दीर्घकाळ आहे. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटिमीटर असते, आठ वर्षांच्या मुलाची १२७ च्या आसपास. म्हणजे नुसता वरून सोडलेला चेंडूसुद्धा त्या मुलाच्या डोक्यावरून जातो. असा चेंडू परतवण्यासाठी मूल मागे मागे सरकते किंवा खांद्याच्या वर रॅकेट उचलून तो कसाबसा ढकलते, आणि उंच चेंडूशी जुळवून घेण्यासाठी मूठ इतकी फिरवून धरते की पुढे ती पकड सुटता सुटत नाही. पोरवयातल्या या तडजोडींना प्रशिक्षक वर्षानुवर्षे 'वाईट सवयी' म्हणत आले. त्या मुलांच्या सवयी नव्हत्या. चुकीच्या मापाच्या साधनाशी त्यांच्या शरीराने शोधलेली ती वाट होती, असे माझे मत आहे.

बास्केटबॉलने विसाव्या शतकाच्या मध्यावरच मुलांसाठी टोपली खाली आणली होती आणि चेंडू लहान केला होता. टेनिसला हे सुचायला १९७० चे दशक उजाडले. स्वीडनमध्ये फोमच्या चेंडूने आणि आखूड रॅकेटने छोट्या जागेत खेळण्याचा प्रकार रुजला. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये तोच बॅडमिंटनच्या १३.४० बाय ६.१० मीटरच्या कोर्टावर, प्लास्टिकच्या रॅकेटने, शाळांच्या सभागृहांत खेळला जाऊ लागला. फ्रान्स आणि बेल्जियममध्येही मुलांसाठी वेगळ्या चेंडूंचा वापर वाढत गेला. हे प्रयोग लोकप्रिय झाले, पण त्यांत एक मोठी फट राहिली. फोमच्या चेंडूवर सुखाने रॅली करणारे, म्हणजे चेंडू सलग परतवत राहणारे मूल पुढच्या वर्षी थेट पूर्ण कोर्टावर पिवळ्या चेंडूसमोर उभे केले जाई. मधली पायरीच नव्हती. आजची तीन रंगांची योजना या फटीतून जन्मली.

याच काळात दुसरीकडे, साधनांशी संबंध नसलेला एक विचार पुढे येत होता. १९८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जलतरणपटू, टेनिसपटू, पियानोवादक, गणितज्ञ अशा १२० असामान्य व्यक्तींच्या जडणघडणीचा मागोवा घेतला होता, आणि तीत तीन पर्व दिसली: आधी खेळकर ओढ, मग शिस्तबद्ध शिक्षण, शेवटी सर्वस्व वाहून घेणे. १९८८ मध्ये स्वीडनमधील एका संशोधनाने जागतिक क्रमवारीतले १० खेळाडू आणि किशोरवयात त्यांच्याच तोडीचे असलेले, पण पुढे मागे पडलेले १० खेळाडू यांची तुलना केली. यशस्वी ठरलेल्यांनी लहानपणी अनेक खेळ खेळले होते आणि केवळ टेनिसकडे ते तुलनेने उशिरा वळले होते. १९९० मध्ये चौदावा वाढदिवस उजाडण्याआधीच व्यावसायिक झालेली एक अमेरिकन मुलगी तीन-चार वर्षांतच थकून खेळापासून दूर गेली, तेव्हा हा विचार अभ्यासकांपुरता राहिला नाही. महिलांच्या व्यावसायिक दौऱ्याने १९९५ पासून अल्पवयीन खेळाडूंच्या स्पर्धांच्या संख्येवर वयानुसार मर्यादा घातली. त्याच दशकात खेळाडूच्या दीर्घकालीन विकासाचे आराखडेही आले आणि त्यांत जवळजवळ प्रत्येक टप्प्यापुढे वयाचा आकडा होता.

एक विचार उसळीचा आणि दुसरा वयाचा, असे हे दोन प्रवाह आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये हाती घेतलेल्या मोहिमेत एकमेकांत मिसळले. मोहिमेचे म्हणणे सरळ होते: पहिल्याच तासापासून शिकणाऱ्याला सर्व्हिस करता आली पाहिजे, रॅली करता आली पाहिजे आणि गुण मोजून खेळता आले पाहिजे. त्यासाठी चेंडू आणि कोर्ट लागेल तितके बदलावे. शंभर वर्षे शेवटी ठेवलेली सर्व्हिस एका वाक्यात पहिल्या दिवसावर आली, हा या मोहिमेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल आहे. फटका आधी आणि खेळ नंतर हा क्रम तिने उलटा केला.

तीन चेंडूंची रचना पाहिली की तिच्यातली सुसंगती लक्षात येते. त्याच २५४ सेंटिमीटरवरून सोडल्यावर लाल चेंडू साधारण ९० ते १०५ सेंटिमीटर उसळतो, नारिंगी १०५ ते १२०, हिरवा १२० ते १३५, आणि १३५ ला पिवळा सुरू होतो. एका चेंडूची कमाल उसळी हीच पुढच्याची किमान. पंधरा-पंधरा सेंटिमीटरची ही शिडी आहे आणि ती मुलाच्या वाढत्या उंचीच्या किंचित खालून चढत जाते. कोर्टही तसेच वाढते: लाल चेंडूसाठी ११ ते १३ मीटरच्या दरम्यान, नारिंगीसाठी सुमारे १८ मीटर आणि हिरव्यासाठी पूर्ण लांबी. रॅकेट १७ इंचांपासून सुरू होऊन प्रौढांच्या २७ इंचांकडे सरकते. चेंडूंना पहिल्यांदा रंग मिळाला तो १९७२ मध्ये, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पांढरा चेंडू नीट दिसत नाही म्हणून. मुलांच्या सोयीसाठी रंग वापरायला आणखी काही दशके जावी लागली.

नावांच्या बाबतीत मात्र गोंधळ आहे. अधिकृत क्रमांकनात लाल चेंडू हा तिसरा टप्पा, नारिंगी दुसरा आणि हिरवा पहिला. म्हणजे मूल पहिल्या दिवशी तिसऱ्या टप्प्यावर असते आणि प्रगती करत पहिल्यावर पोहोचते. पिवळ्या चेंडूपासून अंतर मोजले तर हा क्रम समजतो, पण शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो उफराटा आहे, आणि म्हणूनच व्यवहारात सगळे रंगांचीच नावे घेतात. दुसरी गफलत वेगाची. लाल चेंडू ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के मंद असतो असे सर्वत्र सांगितले जाते. नियमाच्या तक्त्यात मात्र वेगाचा आकडा नसतो. तिथे वजन, व्यास, दाबल्यावर होणारा बदल आणि उसळी यांची मापे असतात. टक्केवारी ही सांगण्याची सोय आहे. ती इतकी प्रचलित झाली की उसळीचा, म्हणजे मूळ टप्प्याचा, मुद्दा मागे पडला आणि 'हळू चेंडू, सोपा चेंडू' एवढेच पालकांच्या मनात उरले.

आता वादग्रस्त निर्णयाकडे. २०१० मध्ये महासंघाच्या वार्षिक सभेत नियमबदल मंजूर झाला आणि जानेवारी २०१२ पासून तो लागू झाला: दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत यापुढे प्रमाणित पिवळा चेंडू वापरता येणार नाही, तिन्हींपैकी एक चेंडू वापरावा लागेल. त्या नियमाची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. चेंडूबाबत ती सक्तीची आहे. कोर्टाबाबत ती मुभेची आहे. लहान कोर्टाची मापे 'वापरता येतील' या स्वरूपात दिली आहेत. लाल कोर्टाचे जाळे ८० ते ८४ सेंटिमीटर, नारिंगीचे ८० ते ९१ या मर्यादेत ठेवण्यास परवानगी आहे. गुणपद्धतीतही एका टायब्रेकवर, म्हणजे एरवी बरोबरी फोडण्यासाठी खेळल्या जाणाऱ्या छोट्या डावावर, सामना निकाली काढण्यापर्यंत सवलत आहे. एवढ्या लवचीक मजकुरात एकच गोष्ट ताठ होती, ती म्हणजे दहा हा वयाचा आकडा.

विरोध झाला, आणि काही देशांत तो तीव्र होता. आठव्या वर्षी पिवळ्या चेंडूवर उत्तम खेळणाऱ्या मुलाला हिरव्यावर परत आणणे म्हणजे त्याची दोन वर्षे वाया घालवणे, असे अनेक अनुभवी प्रशिक्षकांनी म्हटले. आजवरचे सगळे महान खेळाडू पिवळ्या किंवा त्याआधी पांढऱ्या चेंडूवरच शिकले, हा युक्तिवादही वारंवार पुढे आला. हा दुसरा युक्तिवाद मला कच्चा वाटतो, कारण तो केवळ टिकून राहिलेल्यांकडे बोट दाखवतो. त्याच चेंडूमुळे जी मुले निघून गेली त्यांची नोंद कुठे नाही. समर्थकांनी उत्तर दिले की नियम स्पर्धेपुरता आहे, सरावात कोणी कोणताही चेंडू वापरावा, आणि ज्याची तयारी झाली आहे त्याने वरच्या वयोगटात खेळावे. हे शब्दशः खरे असले तरी पुरेसे नाही. स्पर्धेत जो चेंडू असेल त्याचाच सराव होतो, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल. आणि नऊ वर्षांच्या मुलाला बारा वर्षांखालील गटात पाठवणे म्हणजे चेंडूचा प्रश्न सोडवण्यासाठी त्याच्यासमोर त्याच्याहून बराच उंच प्रतिस्पर्धी उभा करणे.

तरीही सक्ती नसती तर काय झाले असते, याचाही विचार करावा लागतो. मंद चेंडू तोवर काही वर्षे उपलब्ध होते. अडचण अशी होती की कोणत्याही एका क्लबाने ते स्वीकारले आणि शेजारच्याने नाकारले, तर पिवळ्या चेंडूवरचा मुलगा त्या वर्षीचे सामने जिंकत असे आणि पालक तिकडेच वळत. या चढाओढीतून एकट्याने बाहेर पडणे कोणालाच परवडत नव्हते. ती कोंडी नियमानेच फोडली, आणि तेवढ्यापुरता तो निर्णय योग्य होता असे मी मानतो. चूक निकषाची होती. एकाच वर्षी जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेल्या मुलांत जवळजवळ बारा महिन्यांचे अंतर असते, आणि शरीराच्या पक्वतेतला फरक त्याहून बराच मोठा असू शकतो. हे ज्यांना ठाऊक होते त्यांनीच उसळीची शिडी बनवली, आणि मग तिच्या पायऱ्यांवर वाढदिवस लिहिले.

संशोधनाने मात्र चेंडूच्या बाजूने कौल दिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात सरासरी आठ वर्षांच्या नवशिक्यांचे चार गट करून चेंडू आणि कोर्ट यांच्या वेगवेगळ्या जोड्या तपासल्या होत्या. प्रौढांचे कोर्ट आणि प्रौढांचा चेंडू मिळालेला गट सर्वांत मागे राहिला, कारण त्याला चेंडू मारण्याची संधीच कमी मिळाली. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की हिरव्या चेंडूवर दहा वर्षांची चांगली खेळाडू मुले चेंडू सोयीच्या उंचीवर घेतात आणि जाळ्याकडे अधिक वेळा जातात, आणि जाळे खाली आणले तर अधिक आक्रमक खेळतात. यातला कोर्टाचा आणि जाळ्याचा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, कारण नियमाने सक्ती केली ती चेंडूची. अनेक ठिकाणी चेंडू बदलला, पण मूल पूर्ण कोर्टावर, मोठ्यांच्याच जाळ्यासमोर धावत राहिले.

रंगांना दर्जाही चिकटला. लाल म्हणजे बालवर्ग, हिरवा म्हणजे गंभीर खेळाडू, अशी समजूत झाली की मूल केव्हा रंग बदलणार हा घरातला प्रश्न होतो, आणि रॅली किती लांबते, सर्व्हिस वरून होते का, हे प्रश्न मागे पडतात. कौशल्यानुसार क्रमांक देण्याच्या पद्धतींनी ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला. २००० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय मानांकनात १० पासून १ पर्यंत पायऱ्या होत्या आणि मंद चेंडूवरच्या नवशिक्यांसाठी दहाव्या पायरीचे आणखी तीन भाग केले होते. आताच्या जागतिक मानांकनाची पट्टी ४० पासून १ पर्यंत आहे आणि ती वय किंवा लिंग पाहत नाही, फक्त निकाल पाहते. अशा क्रमांकानुसार चेंडू ठरवणे तांत्रिकदृष्ट्या आता शक्य आहे. दहा वर्षांची रेषा मात्र नियमात कायम आहे.

त्या रेषेची धार सर्वांत जास्त जाणवते ती पलीकडे पाऊल टाकताना. हिरव्या चेंडूचे वजन ४७ ते ५१.५ ग्रॅम, पिवळ्याचे ५६ ते ५९.४. अकराव्या वर्षी स्पर्धेतला चेंडू एका हंगामात पाच-दहा ग्रॅमने जड होतो आणि उसळी शिडीची शेवटची पायरी चढते. मुलींच्या उंचीची वेगवान वाढ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास होते, मुलांची चौदाव्याच्या. म्हणजे ज्या मुलाची वाढ उशिरा होणार आहे, त्याला हा जड आणि उंच चेंडू दोन-तीन वर्षे जुन्याच शरीराने परतवावा लागतो. काही प्रशिक्षक या काळात सरावाचा निम्मा वेळ हिरव्या चेंडूवर ठेवतात, आणि मुलाला हे मागे जाणे वाटू नये म्हणून त्याच तासात दोन्ही चेंडू खेळवतात.