लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरचा काळ

वजन घटवण्यासाठी जठरावर, किंवा जठर व लहान आतडे या दोन्हींवर केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे साधारणतः पहिले सहा ते आठ आठवडे. या काळात जठरावरील टाक्यांची रेघ भरून येते आणि रुग्ण पातळ पदार्थांवरून हळूहळू नेहमीच्या जेवणावर येतो. वजन झपाट्याने उतरत असल्याने घरच्यांचे डोळे काट्यावर खिळतात. ते पाणी, प्रथिने व नाडी यांच्याकडे असायला हवेत.

या शस्त्रक्रियेचा आरंभ कोणी केला याविषयी एकमत नाही. स्वीडनमधील व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी १९५२ मध्ये लहान आतड्याचा भाग काढल्याची नोंद आढळते. अमेरिकेत रिचर्ड व्हार्को यांनी १९५३ च्या सुमारास आतड्याचा मोठा भाग वगळून जोड दिला असे सांगतात. मात्र तशी शस्त्रक्रिया छापील स्वरूपात प्रथम मांडली ती क्रेमेन व सहकाऱ्यांनी, १९५४ मध्ये. आतडे वगळण्याची पद्धत म्हणून हा मान क्रेमेन यांना देणे अधिक रास्त वाटते. त्या पद्धतीत जुलाब व यकृताचे विकार फार होत, म्हणून ती मागे पडली. मेसन व इटो यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या जठर बायपासचे (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे) सुधारित रूप आणि जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची नळी करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया, या दोन आज विशेष प्रचलित आहेत.

रुग्णाला बहुधा त्याच दिवशी उठवून चालवतात, कारण पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. टाक्यांच्या रेघेतून गळती होणे विरळा, पण घातक. पोट फारसे दुखत नसतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर टिकून राहिली, तर ते गळतीचे पहिले आणि कधीकधी एकमेव चिन्ह असू शकते. ताप येण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आहाराच्या पायऱ्या रुग्णालयागणिक बदलतात: आधी नितळ द्रव, मग दूध-ताकासारखे पातळ पदार्थ, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास घोटलेले अन्न, नंतर मऊ अन्न. औषधाच्या बाटलीवरील छोट्या टोपणाने घोट-घोट पिणे ही पहिल्या दिवसांची सर्वपरिचित रीत. आपल्याकडे अशा वेळी वरणाचे पाणी आणि पेज देण्याचा प्रघात आहे. पोटाला ती सोसतात, पण वरच्या निवळीत प्रथिने नगण्य असतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. एक लिटर दुधातून ती जेमतेम ३२ ग्रॅम मिळतात, आणि एवढे दूधही या दिवसांत पोटात मावत नाही. म्हणून प्रथिनांची पूड घ्यावी लागते. पुढे मऊ अन्न सुरू झाल्यावरही पोळी-पावाचा न चावलेला घास गोळा होऊन अडकतो. जेवताना पाणी पीत नाहीत. त्यानंतर सुमारे अर्धा तास थांबतात.

मधुमेही रुग्णाची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. नॉर्थ कॅरोलायनातील वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये दीर्घ पाहणीतून हे ठळकपणे मांडले. कारणाबद्दल वाद आहे. फ्रान्चेस्को रुबिनो यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून असे सुचवले, की अन्न आद्यांत्राला (लहान आतड्याच्या पहिल्या भागाला) टाळून गेल्याने तेथील इन्शुलिनविरोधी परिणाम थांबतो. दुसऱ्या मतानुसार अन्न आतड्याच्या शेवटच्या भागात लवकर पोहोचते आणि जीएलपी-१ हे इन्शुलिन स्रवायला लावणारे संप्रेरक वाढते. तिसरे मत साधे आहे: रुग्ण जवळजवळ उपाशी असतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २०११ मध्ये, शस्त्रक्रियेविना, दिवसाला सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवलेल्या मधुमेहींची उपाशीपोटीची साखर एका आठवड्यात उतरली. पहिल्या आठवड्यांपुरते हे स्पष्टीकरण पुरेसे वाटते. संप्रेरकांचा वाटा नाकारण्याचे मात्र कारण नाही. कारण कोणतेही असो, इन्शुलिन व साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून लगेच कमी करून घ्यावी लागते, नाहीतर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते.

गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड व जुलाब होण्याला डम्पिंग म्हणतात. हे लक्षण लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेहून जुने आहे: व्रणासाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्यांत हर्ट्झ यांनी ते १९१३ मध्ये वर्णिले, नाव १९२२ च्या सुमारास मिक्स यांनी रूढ केले असे सामान्यतः मानतात. बायपासनंतर ते अधिक आढळते.

सततच्या उलट्या कधीही ‘होतात अशा’ म्हणून सोडू नयेत. शरीरातील थायमिनचा (ब-१ जीवनसत्त्वाचा) साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, भ्रम होतो, आणि मेंदूची हानी कायमची राहू शकते. अशा रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोजची सलाईन लावणे अपायकारक ठरते. घराजवळच्या दवाखान्यात नेताना शस्त्रक्रियेचे कागद सोबत ठेवावेत आणि ही गोष्ट तोंडाने सांगावी.

बैठ्या कामावर बहुतेक जण दोन ते चार आठवड्यांत परततात. जड वजन उचलणे चार ते सहा आठवडे टाळतात. केस गळणे या काळात सहसा सुरू होत नाही. ते तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते आणि पोषण नीट असल्यास काही महिन्यांत थांबते.