अनुनाद की फ्लटर? वाऱ्यात हलणाऱ्या वस्तूंची दोन वेगळी दुखणी

अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी कशामुळे कोसळला, असं मी सोलापुरात इंजिनिअरिंगच्या वर्गात विचारतो तेव्हा उत्तर ठरलेलं असतं: ‘सर, रेझोनन्समुळे.’ बारावीपासून हेच डोक्यात बसलेलं असतं. वाऱ्याची वारंवारता पुलाच्या नैसर्गिक वारंवारतेशी (हलवून सोडल्यावर तो ज्या लयीने आपोआप हलतो तिच्याशी) जुळली, अनुनाद म्हणजे रेझोनन्स झाला, पूल पडला. ऐकायला चोख आहे, पण बरोबर नाही. त्या पुलाला शेवटी ज्याने मोडलं त्याला फ्लटर म्हणतात.

दोन्हींत वस्तू वाऱ्याने हलते, दोन्हींत हेलकावे वाढत जातात, म्हणून गल्लत होते. पण कारण वेगळं, उपाय वेगळा, आणि संगणकावर मांडायचं गणितही वेगळं. प्रवाह आणि घनवस्तू यांच्या परस्परक्रियेच्या संगणकीय अभ्यासात ज्याला पुढे आयुष्य घालवायचं आहे, त्याने हा फरक सगळ्यात आधी पक्का करावा असं मला मनापासून वाटतं.

आधी अनुनाद. नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका आठवा. धक्का देणारा माणूस बाहेर उभा असतो. झोका कुणी धरून ठेवला तरी तो आपल्या लयीत धक्के देऊ शकतो. त्याची लय झोक्याच्या लयीशी जुळली की थोडक्या जोरातही झोका उंच जातो. लय चुकली की नाही.

वाऱ्यात हे धक्के भोवऱ्यांकडून येतात. गोल खांबावरून वारा गेला की मागे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने भोवरा सुटतो आणि खांबाला वाऱ्याच्या आडव्या दिशेने आळीपाळीने ओढ बसते. चेनेक स्ट्रोहाल या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये तारा हवेतून फिरवून त्यांच्या गुणगुणण्याचा अभ्यास केला आणि त्यातून एक फार उपयोगी सूत्र हाती आलं: वाऱ्याचा वेग भागिले व्यास, गुणिले साधारण ०.२, म्हणजे दर सेकंदाला पडणाऱ्या धक्क्यांची संख्या.

हे सूत्र आपल्या जिल्ह्यात वापरून बघा. साखर कारखान्याची पोलादी चिमणी घ्या, व्यास २ मीटर, नैसर्गिक वारंवारता सेकंदाला १ हेलकावा असं धरू. भोवऱ्यांची लय तिच्याशी जुळायला वाऱ्याचा वेग हवा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. वादळ नव्हे, पावसाळ्याच्या तोंडावर सहज सुटणारा वारा. (सोलापूरकरांना चिमणी म्हटलं की जून २०२३ मध्ये विमानसेवेसाठी पाडलेली सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी आठवते. तिथे प्रश्न उंचीचा होता. इथला प्रश्न वेगळा आहे.) आता वीज वाहून नेणारी तार घ्या. व्यास ३ सेंटिमीटर, वारा सेकंदाला ४ मीटर. धक्के येतील सेकंदाला सुमारे २७. डोळ्यांना तार स्थिर दिसते, पण ती बारीक थरथरत असते आणि वर्षानुवर्षांच्या त्या थरथरीने आधाराजवळ तिच्या धाग्यांना थकवा येऊन ते तुटतात.

उपाय या निदानातूनच निघतो. काही पोलादी चिमण्यांच्या वरच्या भागाला मळसूत्रासारख्या पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतात. बऱ्याच जणांना तो जिना किंवा शोभा वाटते. क्रिस्टोफर स्क्रूटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १९५० च्या दशकात ही रचना शोधली. पट्टीमुळे भोवरे चिमणीच्या सगळ्या उंचीवर एकाच वेळी सुटत नाहीत, त्यांचे धक्के एकमेकांना जुळत नाहीत. सोलापुराबाहेर फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज केंद्राकडे जाताना उच्चदाब वाहिन्यांवर मनोऱ्याजवळ तारेला लटकवलेले छोटे डंबेल दिसतील. ते स्टॉकब्रिज डॅम्पर. तारेची कंपनऊर्जा ते स्वतःत जिरवतात.

आता फ्लटर. इथे बाहेर उभा राहून धक्के देणारा कुणी नसतो. वारा अगदी एकसारखा, कुठलीही लय नसलेला असला तरी चालतं. पुलाचा डेक, म्हणजे रस्त्याचा सपाट भाग, कशानेही किंचित पिळला गेला की वाऱ्याशी त्याचा कोन बदलतो. कोन बदलला की वाऱ्याचं बल बदलतं, आणि ते बदललेलं बल डेकला पुन्हा हलवतं. पोलाद डेकला मागे खेचतं, तो मध्यावर न थांबता पलीकडे जातो, तिथे कोन उलटा, बलही उलटं. मुख्य मुद्दा वेळेचा आहे. वाऱ्याचं बल आणि डेकची हालचाल यांच्यातलं वेळेचं अंतर असं पडतं की प्रत्येक फेरीत वारा डेकला थोडी ऊर्जा देऊनच जातो. पोलादात आणि सांध्यांत जेवढी ऊर्जा जिरते त्याहून ही भर जास्त झाली की हेलकावे चक्रवाढीने वाढतात. हालचाल जिरवणाऱ्या परिणामाला डॅम्पिंग म्हणतात, इथे तो उलटा होतो, म्हणून अभियंते याला ऋण डॅम्पिंग म्हणतात.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच कसोटी सांगतो. मनातल्या मनात ती वस्तू घट्ट धरून ठेवा. वाऱ्याचं आंदोलित बल तरीही राहिलं, तर संशय अनुनादावर. वस्तू थांबताच ते बलही नाहीसं झालं, तर फ्लटर.

टॅकोमाला ही कसोटी लावू. मधला गाळा ८५३ मीटर, रुंदी जेमतेम १२ मीटर, दोन्ही कडांना २.४ मीटर उंचीच्या भरीव पोलादी तुळया. त्या सकाळी वारा ताशी सुमारे ६८ किलोमीटर. डेक पिळवटत होता तो ५ सेकंदांना एक फेरी या लयीने. आणि त्या वाऱ्यात तुळयांवरून भोवरे सुटायला हवेत ते हिशेबाने सेकंदाला सुमारे एक. म्हणजे भोवऱ्यांची लय पिळाच्या लयीच्या साधारण पाचपट जलद! जुळणी झालीच नाही. १९९१ मध्ये बिल्ला आणि स्कॅनलन या दोघांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये हा हिशेब सविस्तर मांडला आणि पाठ्यपुस्तकांतल्या रेझोनन्सच्या गोष्टीला हरकत घेतली. त्याला तीन दशकं उलटली, तरी जुनीच गोष्ट शिकवली जाते याचं मला वाईट वाटतं.

गंमत अशी की तोच पूल १ जुलै १९४० ला उघडल्यापासून वरखाली हलतच होता. ती वरखाली हालचाल बहुधा भोवऱ्यांचीच होती. ती मर्यादेत राहायची, लोक मुद्दाम बघायला यायचे. शेवटच्या दिवशी हालचालीचा प्रकारच बदलला, वरखालीचा पीळ झाला, आणि तो एक तासभर वाढत गेला. एकाच पुलाने दोन्ही दुखणी दाखवली. दुसऱ्याने जीव घेतला. १९५० मध्ये उघडलेल्या नव्या पुलाला भरीव तुळयांऐवजी १० मीटर उंचीचे जाळीदार सांगाडे (ट्रस) दिले आणि डेकमध्ये हवा जायला फटी ठेवल्या. त्यामुळे डेक पिळाला ताठ झाला.

या दोघांतला सगळ्यात उपयोगी फरक वाऱ्याचा वेग वाढवला की दिसतो. भोवऱ्यांमुळे होणारी हालचाल एका ठरावीक पट्ट्यातच होते. वारा त्याहून वाढला की चिमणी पुन्हा शांत होते. फ्लटरला मात्र फक्त एक उंबरठा असतो. त्याच्या खाली काही नाही, तो ओलांडला की वारा जितका जास्त तितकं वाईट. त्यामुळे विमानाचा पंख तपासणारा अभियंता ‘हा वेग टळला, आता सुटलो’ असं म्हणू शकत नाही. थिओडोर थिओडोरसन यांनी १९३५ मध्ये पंखाच्या फ्लटरचा वेग काढायचं गणित दिलं ते आजही शिकवलं जातं. विमानाच्या हलत्या पृष्ठभागांना बिजागरीच्या पुढे वजन लावतात तेही यासाठीच: वजनाचा मध्य पुढे सरकला की पीळ आणि वरखाली या दोन हालचालींची जोडी फुटते.

दोघांच्या मधलाही एक प्रदेश आहे, त्याला लॉक-इन म्हणतात. गोल खांब पुरेसा हलू लागला की भोवरेच आपली लय सोडून खांबाच्या लयीने सुटू लागतात. म्हणजे सुरुवात अनुनादासारखी, पण पुढे वस्तूची हालचालही बल घडवते. तरी हे साधारण एका व्यासाएवढ्या हेलकाव्यावर थबकतं, फ्लटरसारखं अनावर होत नाही.

आता हा फरक संगणकावर काय करायला लावतो ते पाहू. या क्षेत्रातल्या संशोधकाची बरीच वर्षं इथेच जातात. बल वस्तूच्या हालचालीवर अवलंबून नसेल, तर एकमार्गी गणित पुरतं: वस्तू स्थिर धरून प्रवाह सोडवा, मिळालेला दाब घनवस्तूच्या प्रोग्रामला द्या, काम संपलं. फ्लटरमध्ये असं केलं तर उत्तर ‘काही होणार नाही’ असं येईल, कारण फ्लटर घडवणारं बल वस्तू हलल्याशिवाय जन्मतच नाही. तिथे प्रत्येक काळपावलाला (गणितात वेळ पुढे सरकवायच्या छोट्या टप्प्याला) वस्तूचं सरकणं प्रवाहाकडे परत गेलं पाहिजे, प्रवाहाचे लहान तुकडे पाडणारी गणिती जाळी नव्या आकाराप्रमाणे हलली पाहिजे. चार्ल्स पेस्किन यांनी १९७२ मध्ये हृदयाच्या झडपांभोवतालचा रक्तप्रवाह काढताना जाळी न हलवताच हे साधायची युक्ती दिली. झडपेची पातळ पाकळी रक्ताला वळवते आणि रक्त तिला. दोन्ही बाजू एकत्रच सोडवाव्या लागतात.

इथे नवख्या संशोधकाची खरी परीक्षा असते. त्याच्या प्रोग्राममध्ये पट्टी हलायला लागते, हेलकावे चक्रवाढीने वाढतात, आणि तो आनंदाने सांगतो की फ्लटर मिळाला. थांबायला हवं. वस्तू हलकी आणि द्रव जड असेल, म्हणजे रक्ताने भरलेली धमनी किंवा पाण्यातलं रबर, तर प्रवाह आणि घनवस्तू आळीपाळीने एकेकदाच सोडवणारा प्रोग्राम आपोआप फुटतो. वस्तूसोबत तिच्याभोवतीचं पाणीही हलवावं लागतं, त्या जोडवजनाचा हा परिणाम आहे. पडद्यावर तो हुबेहूब फ्लटरसारखा दिसतो. ओळखायचा कसा? काळपाऊल निम्मं करा. खरा फ्लटर त्याच वेगाने वाढत राहील. जोडवजनाचा दोष मात्र काळपाऊल लहान केल्याने जात नाही, उलट लवकर फुटतो. त्यावर उपाय म्हणजे एकाच काळपावलात दोन्ही बाजू जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा सोडवणं. प्रत्येक फेरीत सीमेवरून किती ऊर्जा गेली आणि वस्तूत किती साठली याचा ताळाही घ्यावा. तो जुळत नसेल तर ती ऊर्जा वाऱ्याने नाही, प्रोग्रामने दिलेली असते.

शिकायला नेमकं उदाहरण हवं असेल तर ट्युरेक आणि ह्रोन यांनी २००६ मध्ये दिलेलं प्रमाण-उदाहरण, म्हणजे आपला प्रोग्राम पडताळायला उत्तर ठाऊक असलेला प्रश्न, सोडवा. १० सेंटिमीटर व्यासाच्या गोल खांबाला मागे ३५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर जाड लवचीक शेपटी. तिसऱ्या, अवघड प्रकारात शेपटीची आणि द्रवाची घनता सारखीच असते आणि प्रवाहाचा सरासरी वेग सेकंदाला २ मीटर. शेपटीचं टोक मध्यापासून सुमारे ३४ मिलिमीटर वरखाली गेलं पाहिजे, सेकंदाला सुमारे ५.३ वेळा. तेवढं येईपर्यंत पुढच्या प्रश्नाला हात लावू नये. ओपनफोम प्रवाहासाठी, कॅल्क्युलिक्स घनवस्तूसाठी आणि प्रिसाइस दोघांना जोडायला, तिन्ही फुकट मिळतात. सोलापुरात बसून बीटेकच्या शेवटच्या वर्षात हे होतं.

त्यानंतरचा प्रश्न आपल्याच गावातला घ्यावा. टॉवेल आणि चादरींच्या या शहरात माग कसा चालतो ते मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. एअरजेट मागावर धोटा नसतो. हवेचा झोत बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा ताण्यामधून, म्हणजे उभ्या धाग्यांमधून, ओढून नेतो. धाग्याचं सुटं टोक झोतात फडफडतं, आणि फडफड वाढली की धागा उभ्या धाग्यांत अडकतो. धागा जागेवर धरला तर फडफडवणारं बलही उरत नाही, म्हणजे एकमार्गी गणित इथे उपयोगाचं नाही. २००० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात वाहत्या साबणाच्या पडद्यात रेशमी धागा सोडला होता. त्याच प्रवाहात तो कधी सरळ राहायचा, कधी फडफडायचा, आणि धक्का दिला तर एका अवस्थेतून दुसरीत जायचा. मागावरच्या सुती धाग्याला असे दोन स्वभाव असतील का, आणि झोताचा दाब किती ठेवला तर तो सरळ अवस्थेतच राहील, हे शोधायला पीएचडीएवढं काम आहे.