पाण्याखाली हवा संपली तर काय? ऑक्टो, पोनी आणि थोडं गणित

स्कूबा करताना सिलिंडरमधली हवा एका झटक्यात गायब होत नाही, आधी श्वास जड लागतो, दोन-तीन श्वास ओढून ओढून घ्यावे लागतात आणि मग रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडात आणून देणारं यंत्र) काहीच येत नाही. त्यावेळी जी घुसमट होते ती ऑक्सिजन संपल्याची नसते बरं का. रक्तात ऑक्सिजन अजून पुरेसा असतो, पण कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू "श्वास घे, श्वास घे" म्हणून बोंब मारायला लागतो. म्हणजे थोडा वेळ हातात असतो, पण घाबरलेल्या माणसाला ते काही केल्या पटत नाही. म्हणून बॅकअप कोणता घ्यायचा हे कोरड्या जमिनीवर, शांत डोक्याने, कागद-पेन घेऊन ठरवायचं.

सगळ्यांकडे असतो तो ऑक्टो, म्हणजे पिवळ्या होजवरचा दुसरा रेग्युलेटर. बरेच जण त्यालाच आपला बॅकअप समजतात आणि इथेच गफलत होते. तो तुमच्याच सिलिंडरला, तुमच्याच फर्स्ट स्टेजला (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) जोडलेला असतो, सिलिंडर रिकामा तर ऑक्टोही रिकामा. तोंडातला रेग्युलेटर बिघडला किंवा माउथपीस फाटला तर तुम्हाला त्याचा उपयोग, एरवी तो तुमच्या बडीसाठी, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदारासाठी असतो आणि तुमचा बॅकअप बडीच्या अंगावर लटकत असतो. मग बडी हाताच्या अंतरावर हवा ना! आपल्या कोकणात मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला पाणी गढूळ असलं की थोडं अंतर पडलं तरी बडी दिसेनासा होतो. (टुरिस्ट डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो, त्यांना हे टेन्शन नाही, हे सगळं कोर्स करून स्वतः डाइव्ह करणाऱ्यांसाठी चाललंय.)

बडीवर अवलंबून राहायचं नसेल तर हवेचा स्वतंत्र साठा लागतो, आणि किती ते दाब ठरवतो. पृष्ठभागावर १ बार असतो आणि दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो, म्हणजे ३० मीटरवर ४ बार, तिथला प्रत्येक श्वास पृष्ठभागावरच्या चार श्वासांएवढी हवा खातो. निवांत असताना माणसाला मिनिटाला १५ ते २० लिटर लागते, घाबरलेल्या माणसासाठी मी निदान ३० धरते. आता ३० मीटरवर हवा गेली असं समजा. सावरायला १ मिनिट, तिथेच १२० लिटर गेले. मग मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने ५ मीटरपर्यंत वर यायला २३० च्या आसपास, तिथे ३ मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला (वर येताना खबरदारी म्हणून घ्यायचा थांबा) १३५ आणि शेवटच्या ५ मीटरला अजून २० धरा. झाले ५०० लिटर!

पोनी म्हणजे स्वतःचा रेग्युलेटर असलेला छोटा जादा सिलिंडर. ३ लिटरचा पोनी २०० बारला भरला की त्यात ६०० लिटर हवा मावते, म्हणजे हिशोब बसतो. २ लिटरच्या पोनीत ४००, सेफ्टी स्टॉप सोडला तर जेमतेम पुरेल. आणि हातात मावणारी ती स्पेअर एअरची बाटली, तिच्या मोठ्या मॉडेलमध्येही फक्त ८५ लिटरच्या आसपास हवा असते, म्हणजे ३० मीटरवर पाऊण मिनिटसुद्धा नाही. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर क्रूला बाहेर पडण्यासाठी अशाच छोट्या बाटल्या देतात, तिथे त्या पुरतात कारण पृष्ठभाग जवळ असतो. १० मीटरच्या आतल्या डाइव्हला ठीक आहे, पण खोल जाणाऱ्याने लहान आणि हलकी दिसते म्हणून ती घ्यावी हे मला अजिबात पटत नाही.

पोनी घेतला तर मला तो पाठीवर बांधण्यापेक्षा डाव्या कुशीखाली क्लिपने अडकवलेला आवडतो. व्हॉल्व्ह हाताला लागतो, गेज डोळ्यांना दिसतो आणि वेळ पडली तर अख्खा सिलिंडर काढून दुसऱ्याला देता येतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा की बंद यावर डायव्हर्समध्ये वाद आहेत. उघडा ठेवला तर रेग्युलेटर फ्रीफ्लो होऊन (हवा आपोआप सुटत राहून) पोनी नकळत रिकामा होऊ शकतो, बंद ठेवला तर ऐनवेळी उघडावा लागतो. बंद ठेवणार असाल तर आधी उघडून होजमध्ये दाब भरून घ्या आणि मग बंद करा, नाहीतर होजमध्ये पाणी शिरायची भीती. दुसरा धोका म्हणजे चुकून पोनीचाच रेग्युलेटर तोंडात घालून खाली जाणं, मग खरी गरज पडते तेव्हा तोच संपलेला असतो. म्हणून त्या रेग्युलेटरचा माउथपीस वेगळ्या रंगाचा ठेवा आणि बोटांना कळेल असं काहीतरी होजला बांधा.

उडी मारायच्या आधी गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार मोठे श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय. अशा व्हॉल्व्हमधून वर हवा मस्त येते आणि खोल गेल्यावर कमी पडायला लागते.

आता प्रॅक्टिस, जी बहुतेक जण कोर्स संपला की सोडून देतात. सुरुवात पूलमध्ये, बडी शेजारी. डोळे मिटून हात छातीवर फिरवायचा, रेग्युलेटर शोधायचा, सुलटा आहे ना ते चाचपायचं (उलटा गेला तर बऱ्याच मॉडेल्समध्ये पाणी येतं), तोंडात घालून आधी जोरात फुंकायचं आणि मग पहिला श्वास हळूच घ्यायचा. फुंकायला हवाच उरली नसेल तर जीभ टाळूला लावून रेग्युलेटरवरचं पर्ज बटण दाबायचं, म्हणजे सिलिंडरची हवाच आतलं पाणी बाहेर ढकलते. हे जमलं की मास्क काढून करा, हातमोजे घालून करा, मग समुद्रात सेफ्टी स्टॉपला मिनिटभर पोनीवर श्वास घेऊन परत मेन रेग्युलेटरवर या. बडीबरोबर गळ्यावरून हात फिरवून "हवा नाही" ही खूण करत ऑक्टो देण्याघेण्याचा सराव प्रत्येक ट्रिपच्या पहिल्या डाइव्हला करा, कारण भाड्याच्या गियरवर ऑक्टो दरवेळी वेगळ्याच जागी अडकवलेला असतो.

काहीच हाताशी नसेल तर उरतो तो इमर्जन्सी असेंट, तोंडाने "आऽऽ" करत हवा सोडत सोडत पोहत वर येणं. कोर्समध्ये हा ६ ते ९ मीटरवरून इन्स्ट्रक्टर करून घेतो, त्याचा एकट्याने सराव करू नका, कारण श्वास रोखून वर आलं तर दीड मीटरच्या आतही फुफ्फुसाला इजा होऊ शकते. आणि वर येताना रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही, बाहेरचा दाब कमी होत जातो तसा रिकाम्या वाटणाऱ्या सिलिंडरमधूनही अजून एखाद-दुसरा श्वास मिळू शकतो.