अफगाण हाउंड : घरातील पाळीव कुत्रा म्हणून

अफगाण हाउंड ही अफगाणिस्तान आणि त्याच्या सीमेलगतच्या डोंगराळ व वाळवंटी मुलखातील लांब, रेशमी केसांच्या शिकारी कुत्र्यांची जात आहे. ग्रेहाउंड, साळुकी आणि बोर्झोई यांच्याप्रमाणे हा कुत्राही वासापेक्षा नजरेवर भिस्त ठेवून सावज हेरतो व वेगाने पाठलाग करून ते गाठतो. मूळ प्रदेशात अशा कुत्र्यांना ताझी म्हणतात. खांद्यापाशी नराची उंची ६८ ते ७४ सेंमी. आणि मादीची ६३ ते ६९ सेंमी. असते; वजन साधारण २३ ते २७ किग्रॅ. भरते. आज जगभर ही जात मुख्यतः घरांत आणि श्वानप्रदर्शनांत दिसते. शिकारीचे काम सुटले, पण शिकारीची वृत्ती सुटलेली नाही. हा कुत्रा घरी आणू पाहणारे बहुतेक जण केसांची निगा किती करावी लागेल एवढेच विचारतात. घरात खरी अडचण होते ती त्याच्या धावण्याच्या ओढीने.

पूर्वपीठिका : पश्चिमेकडे या जातीचे नाव झाले ते झारदीन या कुत्र्यामुळे. कॅप्टन जॉन बार्फ यांनी १९०७ मध्ये तो इंग्लंडला नेला आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात तो सर्वांच्या नजरेत भरला. आजचे अफगाण मात्र पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोचलेल्या दोन वंशांतून आलेले आहेत. १९२० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये आलेला बेल-मरे वंश सखल, उष्ण प्रदेशातला होता : उंच पायांचा, अंगाने हलका आणि केसांनी विरळ. मेरी अ‍ॅम्प्स यांनी १९२५ मध्ये काबूलहून आणलेला गझनी वंश डोंगराळ भागातला, आटोपशीर बांध्याचा आणि दाट केसांचा होता. पुढे दोन्हींचा संकर झाला. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने १९२६ मध्ये जातीला मान्यता दिली. नंतरच्या पिढ्यांत प्रदर्शनासाठी केसाळपणावर भर देऊन पैदास होत गेली. त्यामुळे आजच्या पाळीव अफगाणच्या अंगावर जेवढे केस असतात, तेवढे डोंगरात ससे-हरणांमागे पळणाऱ्या त्याच्या पूर्वजांच्या अंगावर नव्हते. २००५ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठात जन्मलेला स्नपी हा पहिला क्लोन कुत्राही अफगाण हाउंडच होता.

स्वभाव : ब्रिटिश मानकात, म्हणजे जात कशी असावी याच्या अधिकृत वर्णनात, या जातीच्या मुद्रेचे वर्णन करताना म्हटले आहे की अफगाण समोरच्याकडे पाहतो आणि त्याच्या आरपारही पाहतो. घरात हा अलिप्तपणा लगेच जाणवतो. पाहुणा आला की शेपटी हलवत धावत जाणे, अंगाशी लगट करणे त्याच्या स्वभावात बसत नाही. तो दुरून पाहील, मनात आले तर जवळ येईल. घरच्या माणसांवर मात्र त्याचा खोल जीव असतो, आणि रोजच्या ओळखीच्या माणसांत तो चक्क विदूषकी करतो : मोजे पळवतो, सोफ्यावर उताणा लोळतो, ओट्यावरचे पदार्थ लांबवतो. मागच्या पायांवर उभा राहिला की ओटा त्याच्या तोंडाच्या सहज टप्प्यात येतो, आणि चोरी करताना तो जराही आवाज करत नाही.

त्याला मंद म्हणण्याची प्रथा आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांची मते घेऊन जातींची क्रमवारी लावली, तीत अफगाण सर्वांत शेवटी आला. या क्रमवारीत मोजले गेले होते ते सांगितलेले किती लवकर ऐकतो एवढेच. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याला धन्याच्या प्रत्येक इशाऱ्याकडे लक्ष ठेवावे लागते. नजरेने शिकार करणारा कुत्रा धन्याला शेकडो मीटर मागे टाकून पळतो आणि कोठे वळायचे, सावजाला कोठे अडवायचे हे स्वतःच ठरवतो. अशा कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या प्राण्याकडून ‘बस’ म्हणताच बसण्याची अपेक्षा थोडी जास्तच आहे. शिकवणी पाच-दहा मिनिटांची ठेवावी, खाऊ द्यावा, आणि तो कंटाळण्यापूर्वी थांबावे. ओरडले, मारले तर हा कुत्रा प्रतिकार करत नाही, मिटतो. मग दिवसभर कोपऱ्यात तोंड फिरवून बसतो. बाहेर विधी करण्याची सवय लागायलाही अनेकदा इतर जातींपेक्षा जास्त काळ जातो.

धावणे आणि कुंपण : पूर्ण वाढीचा अफगाण ताशी सुमारे ६० किमी. वेगाने धावू शकतो. मांजर, खार किंवा वाऱ्याने उडालेली पिशवी दिसली की पहिल्या काही उड्यांतच तो हाकेच्या पलीकडे जातो, आणि त्या क्षणी हाक त्याच्या कानी पडली तरी तिचा उपयोग नसतो. म्हणून उघड्या जागेत पट्टा सोडायचा नाही, या नियमाला या जातीपुरता तरी अपवाद ठेवण्यासारखा नाही. ‘आमचा परत येतो’ असे सांगणारे मालक भेटतात. अनेकांचा कुत्रा खरोखरच परत येतही असतो. पण वाटेत रस्ता असेल तर एकदा न येणे पुरते. आपोआप गुंडाळला जाणारा दोरीचा पट्टा येथे विशेष धोक्याचा, कारण कुत्रा दोरी संपेपर्यंत पूर्ण वेग घेतो आणि मग त्याच्या मानेला व धरणाऱ्याच्या खांद्याला एकाच वेळी हिसका बसतो. लांब व अरुंद डोक्यावरून साधा गळपट्टा सटकतो, म्हणून या गटातील कुत्र्यांसाठी रुंद गळपट्टा वापरतात.

कुंपण किमान दीड मीटर, शक्य तर त्याहून उंच हवे. रोज पट्ट्याने लांब फेरफटका आणि आठवड्यात काही वेळा बंदिस्त जागेत मोकळी धाव मिळाली, तर हा कुत्रा घरात आश्चर्य वाटावे इतका शांत असतो. दिवसाचा बराच भाग तो झोपून काढतो. त्याची पाठलागाची हौस भागवण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे आमिषामागची शर्यत : मोटरने ओढल्या जाणाऱ्या दोरीला पांढरी प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, ती मैदानात नागमोडी पळते आणि कुत्रे तिच्या मागे सुटतात. वाढत्या वयाच्या पिल्लांना मात्र अशा तीव्र वळणांच्या धावेपासून दूर ठेवावे.

घरातल्या मांजराबरोबर पिल्लूपणापासून वाढलेला अफगाण त्या मांजराला सांभाळून घेऊ शकतो, पण तेच मांजर अंगणात पळाले तर खात्री देता येत नाही. ससे व पक्षी असलेल्या घरात ही जात न आणणे बरे. समजूतदार मुलांशी त्याचे जमते; केस ओढणाऱ्या, अंगावर पडणाऱ्या लहान मुलांपासून तो उठून दूर जातो, आणि जायला वाट नसेल तर वैतागतो.

केसांची निगा : केस बारीक, लांब आणि सरळ असतात, जमिनीवर गळतात कमी, पण गळलेला केस अंगावरच अडकून गुंता होतो. आठवड्याला एक आंघोळ हे सर्वसाधारण प्रमाण. आंघोळ, वाळवणे आणि विंचरणे यांत दोन-तीन तास सहज जातात. कोरडा केस विंचरला की तुटतो, म्हणून आधी कंडिशनर मिसळलेले पाणी फवारतात. कुत्र्याला कुशीवर झोपवून केसांची एक-एक पट्टी वेगळी करत खालून वर, अगदी कातडीपर्यंत ब्रश न्यावा लागतो. नवखा माणूस वरवरच्या केसांवरून ब्रश फिरवतो. कुत्रा चकचकीत दिसतो, आणि काखेत व कानामागे नमद्यासारखा थर जमत राहतो. तो हाताला लागेपर्यंत फणीने सुटण्याजोगा राहिलेला नसतो.

सर्वांत कठीण काळ साधारण दहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंतचा. पिल्लाचे लोकरी केस जाऊन मोठेपणीचे केस येताना दोन्ही एकमेकांत अडकतात. रात्री सोडवलेले गुंते सकाळी पुन्हा हजर. अनेक मालक येथेच हात टेकतात. याच सुमारास पाठीवरचे लांब केस गळून तेथे आखूड केसांचा पट्टा येतो. तो आपोआप यावा लागतो, यंत्राने कापून केलेला प्रदर्शनात चालत नाही. जेवताना कान ताटलीत बुडू नयेत म्हणून डोक्यावर कापडी नळीसारखी टोपी चढवतात. फिरून आल्यावर पंजे तपासणे अत्यावश्यक आहे, कारण बोटांमधल्या दाट केसांत शिरलेले गवताचे कुसळ कातडीत घुसून गळू करते.

प्रदर्शनात न्यायचे नसेल तर सर्व अंगाचे केस आखूड कापून घेण्यात काहीच कमीपणा नाही. जातीचे अभिमानी नाक मुरडतात. पण आठवड्याचे तीन तास ज्या घरात खरोखर नाहीत, तेथे कातरी हाच कुत्र्याच्या हिताचा मार्ग आहे. गुंत्यांखाली ओल राहते, कातडी सोलवटते आणि प्रत्येक हालचालीला केस ओढला जाऊन कुत्र्याला दुखते.

आरोग्य : आयुर्मान साधारण १२ ते १४ वर्षे. अंगावर चरबी अत्यल्प असल्याने ग्रेहाउंडप्रमाणेच या जातीतही बार्बिट्युरेट गटातील काही भुलीच्या औषधांचा अंमल लांबतो. शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्याला याची आठवण करून द्यावी. खोल छातीमुळे पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट ताणलेले आणि उलटीचा उमाळा येऊनही काही बाहेर पडत नाही, असे दिसताच तासाचाही विलंब परवडत नाही. छातीच्या पोकळीत लसिकाद्रव साचणे, कोवळ्या वयातील मोतीबिंदू आणि अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा मंदपणा हे विकार या जातीत आढळतात. मज्जारज्जूचा एक आनुवंशिक विकार दुर्मिळ पण भयंकर आहे. तो बहुधा वयाच्या पहिल्या वर्षभरात दिसतो. मागचे पाय लटपटू लागतात आणि थोड्याच दिवसांत कुत्रा लुळा पडतो. म्हणून पिल्लू निवडताना आईबापांच्या डोळ्यांचे व अवटू ग्रंथीचे तपासणी अहवाल मागावेत. ते दाखवायला खळखळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये, मग पिल्लाचे केस कितीही सुंदर असोत.