पिकअप ट्रकची दूरप्रवासी बांधणी

मालवाहू पिकअप ट्रकचे टायर, पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), हौद (मागचा माल ठेवायचा भाग), वीज आणि इंधन-पाण्याची साठवण यांत फेरफार करून तो डांबरी रस्त्यापासून दूर आठवडेच्या आठवडे चालेल आणि त्यातच मुक्काम करता येईल असा करणे, याला दूरप्रवासी बांधणी म्हणता येईल. भारतातले हौशी लोक तिला सरसकट ‘ओव्हरलँडिंग बिल्ड’ किंवा नुसते ‘मॉड’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात पिकअपला ‘यूट’ आणि दक्षिण आफ्रिकेत ‘बक्की’ असे नाव आहे. महाराष्ट्रात पिकअप म्हटले की पहाटे टोमॅटोचे क्रेट नाहीतर दुधाचे कॅन घेऊन बाजाराकडे निघालेली गाडीच डोळ्यांसमोर येते. ही बांधणी करणाऱ्यांना पिकअप आवडतो तो नेमका याच भारवाहू स्वभावामुळे.

पिकअपला शिडीसारखी स्वतंत्र चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, असते. केबिन आणि हौद तिच्यावर वेगवेगळे बसवलेले असतात, त्यामुळे हौद उतरवून त्या जागी दुसरे काही बसवणे सोपे जाते. बहुतेक पिकअपना मागे पाटे असतात. ते तुटले तरी आडगावातला लोहारही काहीतरी जुगाड करून गाडी पुढच्या गावापर्यंत नेण्याजोगी करतो. टोयोटा हायलक्स (१९६८ पासून) आणि इसुझू डी-मॅक्स (२००२ पासून) या गाड्या कितीतरी देशांत विकल्या जात असल्याने त्यांचे सुटे भागही दूरदूरपर्यंत मिळतात.

उगम

या बांधणीचे खरे माहेर ऑस्ट्रेलिया. यूट हा प्रकारही तिथलाच. व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्र लिहून, रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी गाडी मागितली, अशी कथा सांगतात. जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँट याने आखलेली अशी गाडी १९३४ मध्ये बाजारात आली. पुढे वूमेरा येथील अग्निबाण चाचणी क्षेत्रासाठी लेन बीडेल आणि त्याच्या तुकडीने मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कच्चे रस्ते पाडले. त्यांतला गनबॅरल हायवे १९५८ मध्ये पुरा झाला. नावात हायवे असला तरी ती वाळू-दगडांतून गेलेली एक रेघच आहे. लष्करी आणि सरकारी कामासाठी पाडलेल्या या वाटांवर पुढे कुटुंबे सुट्टीत जाऊ लागली आणि गाडी त्या जोगती करून देणारे कारखाने उभे राहिले. मेलबर्नची एआरबी ही कंपनी १९७५ ची. आज ती पुढचे भक्कम बंपर, डिफरन्शियल लॉक (आसाची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कळ) आणि सस्पेन्शन जगभर विकते.

आइसलँडमध्ये याच पिकअपचे वेगळेच रूप घडले. तिथे मडगार्ड कापून ३८ इंची रुंद टायर बसवतात आणि बर्फावरून जाताना त्यांतली हवा अगदी ३-४ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) उतरवतात. नामिबिया आणि बोट्स्वानामध्ये टपावर दोन तंबू बसवलेल्या हायलक्स पर्यटकांना भाड्याने मिळतात, म्हणजे स्वतः बांधणी करण्याचाही ताप नाही.

वजनाचा हिशेब

या विषयावरची बहुतेक चर्चा विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) आणि दिव्यांवर होते. गाडी मोडते ती मात्र वजनाने. डबल कॅब, म्हणजे दोन रांगा आसनांचा, पिकअप कागदावर साधारण १ टन भार वाहतो, आणि त्या टनात माणसेही धरलेली असतात. पुढचा लोखंडी बंपर ६५ किलो, विंच ४०, हौदावरची ॲल्युमिनियमची कॅनोपी (बंद टप) १८०, आतले ड्रॉवर ९०, टपावरचा तंबू ६५, भरलेला फ्रिज ४०, दुसरी स्टेपनी ३५, बॅटरी आणि वायरिंग ३०, पाणी ६० लिटर म्हणजे तितकेच किलो आणि दोन माणसे १५०. हे आकडे ढोबळ आहेत, तरी बेरीज ७५५ किलोवर जाते. अजून शिधा, हत्यारे, स्वयंपाकाची भांडी आणि जादा डिझेल बाकीच आहे.

जादा डिझेलही काही थोडेथोडके नसते. पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅनिंग स्टॉक रूट हा विलुना ते हॉल्स क्रीक असा सुमारे १,८५० किलोमीटरचा गुरे हाकण्याचा जुना मार्ग. दक्षिणेकडून निघाल्यावर इंधन मिळते ते कुनावरित्जी या वस्तीत, जवळजवळ १,००० किलोमीटरवर. वाळूच्या टेकाडांवर भरलेला पिकअप १०० किलोमीटरला १८-२० लिटर सहज पितो. म्हणजे सोबत २०० लिटर हवे, आणि हायलक्सची मूळ टाकी ८० लिटरची. राहिलेले १२० लिटर मोठ्या टाकीत किंवा कॅनमध्ये न्यायचे तर आणखी १०० किलो झाले.

वजन किती यापेक्षा ते कुठे ठेवले हे अधिक महत्त्वाचे. मागच्या आसाच्याही मागे ठेवलेला प्रत्येक किलो तरफेसारखा काम करतो. तो पुढची चाके उचलू पाहतो आणि केबिन व हौद यांच्यामधल्या फटीजवळ चासीवर ताण आणतो. मागे दोन स्टेपन्या, वर पाण्याची टाकी, शिवाय ट्रेलर जोडलेला, अशी गाडी खडबडीत वाटेवर जोरात हाकली की चासी तिथेच वाकते. मागचा भाग बसलेला दिसतो म्हणून लोक पाट्यांत हवेचे फुगे घालतात. गाडी सरळ दिसू लागते, पण पाट्यांच्या दोन टोकांवर वाटला जाणारा भार आता मधल्या एकाच जागी चासीवर आदळतो. वाकलेल्या चासीच्या गोष्टींत हे फुगे वारंवार भेटतात. ऑस्ट्रेलियात प्रमाणित सस्पेन्शन बसवून गाडीचे मान्य एकूण वजन कायदेशीररीत्या वाढवून घेता येते, पण त्याने चासी जाड होत नाही. खरे तर यादी छोटी करणे हाच स्वस्तातला उपाय आहे, फक्त दुकानदार तो सांगत नाहीत.

टायर आणि हवा

एकच बदल परवडणार असेल तर तो टायरचा करावा. शहरी टायरची बाजूची भिंत पातळ असते आणि धारदार दगडाने तीच फाटते. तिथे पंक्चरचा पॅच चालत नाही. जाड भिंतीचे ‘ऑल-टेरेन’ टायर डांबरावर थोडा आवाज करतात, पण बहुतेक प्रवासांना पुरतात. खोल खाचांचे ‘मड-टेरेन’ टायर चिखलासाठी असतात. चाक फिरताना खाचांतली माती भिरकावली जावी ही त्यांची कल्पना. मराठवाड्यातली ओली काळी माती मात्र त्यांनाही दाद देत नाही. ती चाकाला लिंपली जाते, मडगार्डात ठासते आणि गाडीच्या चारही टायरचे गुळगुळीत लाडू होतात.

आकार वाढवण्याचा मोह सर्वांनाच होतो. २६५/६५ आर १७ ऐवजी २६५/७० आर १७ घेतला तर चाकाचा व्यास सुमारे २६ मिलिमीटरने वाढतो. जमिनीपासूनची उंची वाढते ती त्याच्या निम्मी, जेमतेम १३ मिलिमीटर. त्या बदल्यात स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी कमी वेग दाखवू लागतो, इंजिनावर ओढ येते आणि ब्रेकवरही.

त्याहून मोठा फरक फुकटात पडतो, हवा कमी करून. हमरस्त्यावर ३५ पीएसआय हवा असेल तर खडीच्या वाटेवर २६-२८, मऊ वाळूत १५-१८. हवा उतरवली की टायर रुंद होतो असे समजले जाते. तो थोडाफार होतोही, पण जमिनीला टेकणारा भाग मुख्यत्वे लांबीने वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. ऑस्ट्रेलियातल्या सिम्प्सन वाळवंटात टेकाडावर दोनदा प्रयत्न करून खाली घसरलेली गाडी आणखी ३-४ पीएसआय हवा सोडल्यावर शांतपणे वर चढते. त्याच टेकाडावर समोरून येणारी गाडी माथ्यावर पोचेपर्यंत दिसत नाही, म्हणून तिथे उंच काठीवर नारिंगी झेंडा लावावा लागतो. हवा कमी असताना वेग कमी ठेवणे आणि पक्का रस्ता लागताच कॉम्प्रेसरने हवा भरणे हा उलटा भागही तितकाच आवश्यक आहे. नाहीतर टायर तापून फाटतो.

सस्पेन्शन

४० ते ५० मिलिमीटर उंची वाढवणे हा प्रचलित मापदंड. त्यापुढे गेले की पुढच्या आसाचे सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणारे लवचिक सांधे) तिरके चालतात आणि लवकर झिजतात. स्प्रिंग किंवा पाटे निवडायचे ते गाडीत कायम राहणाऱ्या वजनावरून. रिकाम्या गाडीला जड पाटे घातले तर मणके हलतात.

वाळवंटी वाटांवर खड्ड्यांपेक्षा जाच असतो तो पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटांचा. त्यांवरून तासन्‌तास जाताना शॉक ॲब्सॉर्बरमधले तेल इतके तापते की ते काम करणे थांबवते, मग गाडी बाजूला थांबवून निवू द्यावी लागते. याच हादऱ्यांनी टपावरच्या कॅरियरचे बोल्ट ढिले होतात, बॅटरीचे क्लॅम्प तुटतात आणि डब्यातल्या पिठाच्या पिशवीला भोक पडून ड्रॉवरभर पीठ होते. मुरलेले प्रवासी रोज संध्याकाळी चूल पेटवण्याआधी पाना घेऊन गाडीखाली जातात.

‘स्नॉर्कल’ म्हणून ओळखली जाणारी उंच हवानळी पाण्यासाठी असते असा समज आहे. प्रत्यक्षात तिचा रोजचा उपयोग पुढच्या गाडीच्या धुळीपासून एअर फिल्टर वाचवण्याचा. नुसती नळी उंच केल्याने गाडी खोल पाण्यात जाऊ शकत नाही. डिफरन्शियलचे श्वासनलिकेसारखे छोटे पाइप वर घेतले नसतील तर गरम डिफरन्शियल थंड पाण्यात शिरताच आत पाणी ओढते.

मुक्काम आणि वीज

निजण्याचे दोन मुख्य मार्ग. टपावरचा घडीचा तंबू दोन मिनिटांत उघडतो आणि जमिनीच्या ओलीपासून दूर ठेवतो, पण वजन नको तितके वर नेतो, आणि सकाळी चहापत्ती आणायलाही आधी बिऱ्हाड गुंडाळावे लागते. दुसरा मार्ग हौदात, कॅनोपीखाली फळीवर गादी घालण्याचा. जागा अपुरी, पण पावसात आणि वाऱ्यात याइतके सुख नाही.

फ्रिज आला की दुसरी बॅटरी येते. १२ व्होल्टचा ४०-५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ३० ते ५० अँपिअर-तास घेतो. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरावी लागते. तेवढीच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२ किलोची, आणि जवळजवळ सगळी वापरता येते. महाग असली तरी वजनाच्या हिशेबात ही एकच वस्तू अशी, जी हौदात चढताना गाडी हलकी करते.

अडकल्यावर

फावडे, चाकाखाली घालायच्या खाचेदार प्लास्टिक पाट्या आणि ताणला जाणारा दोर एवढ्यावर बहुतेक गाड्या निघतात. दोर बांधायचा तो चासीला पक्क्या बसवलेल्या हुकाला. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवून झटका दिला तर तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा सुटतो. अशाने माणसे मेली आहेत.

भारतात

खासगी वापरासाठीचा इसुझू व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि हायलक्स २०२२ मध्ये आल्यावर ही हौस इथे खरी रुजली. मात्र कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. पुढच्या लोखंडी बंपरांवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले होते. त्यांनी पादचाऱ्यांना जास्त इजा होते आणि एअरबॅगच्या संवेदकांच्या कामातही अडथळा येतो. म्हणून इथली शहाणी बांधणी बहुधा काढ-घाल करता येणाऱ्या वस्तूंपुरती राहते. हौदातले ड्रॉवर, फ्रिज, ताडपत्रीचे छत, कॉम्प्रेसर, दोर.

स्पिती, लडाख आणि कच्छचे रण ही नेहमीची ठिकाणे. कोकणात मात्र हे टायर आणि ही हवा पाहून गाडी थेट पुळणीवर न्यायची लहर येते. ओली वाळू ओहोटीला टणक असते, गाडी सुरेख पळते, आणि एकदा रुतली की भरती कोणाची वाट पाहत नाही. वेळाससारख्या किनाऱ्यांवर त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदीच आहे.