नदी वाहती आहे, मासेही आहेत, मग पोहायला हरकत काय?

"वाहत्या पाण्याला दोष नसतो. नितळ दिसतंय, मासे आहेत, म्हणजे खुशाल डुंबा." उन्हाळा लागला की हा सल्ला फिरू लागतो.

त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. खडकांवरून खळाळताना पाण्यात हवा मिसळते आणि त्या प्राणवायूवर जिवाणू बरीच घाण फस्त करतात. पण त्याला वेळ लागतो. वरच्या गावाचा नाला दोन वळणांपलीकडे नदीला मिळत असेल, तर मैल्यातले जंतू तुमच्यापर्यंत जिवंत पोहोचतात, आणि पाणी तरीही नितळच दिसतं.

आपल्याकडे नदीत आंघोळीसाठी लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू आणि जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप) असा निकष आहे, शिवाय कोलिफॉर्म जिवाणूंची मोजणी. मत्स्यजीवनासाठी 4 मिलिग्रॅम प्राणवायू पुरतो. जिवाणूंची अटच नाही. म्हणजे मासा मजेत असला तरी पोहणाऱ्याचं पोट बिघडू शकतं. तिलापिया मासा तर गटारगंगेतही तगतो.

स्वतः बघायचं तर एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायूवरून जंतू ओळखणाऱ्या चाचणीची बाटली आणा, खुणेपर्यंत पाणी भरा, दीड-दोन दिवस उबेत ठेवा. पाणी काळं पडलं तर विष्ठेतल्या जंतूंची दाट शंका.

नदीची तब्येत मात्र दगडाखाली कळते. उथळ धारेतला एखादा उलटून पाहा. शेपटीला बहुधा तीन बारीक धागे असलेल्या, मेफ्लाय या कीटकाच्या चपट्या अळ्या चिकटलेल्या दिसल्या तर प्राणवायू बरा आहे. नुसत्याच लाल अळ्या वळवळत असतील, तर तो बहुतेक आटलाय. आणि मासे बघायचेच तर पहाटे बघा. रात्रभर शेवाळही प्राणवायू खातं, तेव्हा तो कमी पडला तर मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात.