भाग घट्ट आहे की अडलाय?

जुन्या गाडीचं इंजिन परत जुळवायला घेतलं की एखादा तरी भाग हट्टाला पेटतोच. त्यावर गॅरेजमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात: ‘जरा ऑइल मार’, नाहीतर ‘अजून एक ठोका दे’. पण ‘बसत नाहीये’ या एकाच तक्रारीत दोन वेगळी दुखणी दडलेली असतात. काही भाग घट्ट बसावेत म्हणूनच तसे बनवलेले असतात. त्यांना जोर लागला नाही तरच काळजी करायची. काही भाग सैल सरकायला हवेत आणि ते कशाला तरी अडलेले असतात. पहिल्या एक-दोन ठोक्यांना हाताला दोन्ही सारखेच लागतात. घोळ तिथेच होतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी घ्या. २०२३च्या ऑक्टोबरात तिची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, पण हौशी मंडळींच्या शेडमध्ये तिची इंजिनं अजून उघडली जातात. १०८९ सीसी, बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ते गोल भोक) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५. ब्लॉक बिडाचा, पिस्टन अल्युमिनियमचा. या दोन धातूंमध्ये फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर अल्युमिनियम बिडापेक्षा बरंच जास्त फुगतं. म्हणून रिंगा (पिस्टनच्या खाचांत बसणाऱ्या लवचिक कड्या) न चढवलेला पिस्टन तेल लावलेल्या बोअरमध्ये बोटाने ढकलला तरी खाली जातो. हे एकदा स्वतः करून बघाच. पिस्टन मुळात घट्ट नाहीच, जो काही अडसर वाटतो तो रिंगांचा, हे मग हातालाच पटतं.

रिंगा चढवून, त्या दाबून धरणारा पत्र्याचा पट्टा म्हणजे रिंग कॉम्प्रेसर आवळून, हातोड्याच्या लाकडी दांड्याने माथ्यावर टिचक्या मारल्या की पिस्टन ठोक्यागणिक थोडा थोडा, सारख्या चालीने उतरतो. उतरता उतरता तो एकदम थांबला आणि ठोक्याचा आवाज बदलून कडक झाला, तर तिथेच हात थांबवायचा. बहुतेक वेळा ठोक्याने कॉम्प्रेसर ब्लॉकवरून किंचित उचललेला असतो आणि त्या फटीतून रिंग बाहेर उडी मारून काठावर बसलेली असते. तेलाची रिंग यात पटाईत. पुढचा ठोका रिंग तरी मोडतो, नाहीतर पिस्टनची खाच तरी. पिस्टन वर काढा, रिंग पुन्हा दाबा, कॉम्प्रेसर ब्लॉकला सपाट टेकवून धरा.

रिंग जागेवर असूनही अडत असेल तर खाली वाकून बघा. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत गोल भागावर) टेकलेला सापडेल. बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवले असते तर जर्नलवर ओरखडा आला नसता. आणि तेही नसेल तर रिंगच चुकीच्या मापाची आलेली असू शकते. एक रिंग नुसतीच बोअरमध्ये घालून, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून, तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. एवढ्या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपास फट दिसायला हवी. टोकं एकमेकांना भिडत असतील तर ठोकून काहीही साधणार नाही.

आता त्याच पिस्टनची गजन पिन, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणारी पिन. जिथे ती दोन्ही बाजूंच्या सरक्लिपांनी (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्यांनी) अडवलेली असते, अशा बऱ्याच जुन्या इंजिनांत ती थंड पिस्टनमध्ये हाताने जात नाही. इथे काहीही अडलेलं नसतं, माप तसंच ठेवलेलं असतं. पिस्टन गरम पाण्यात बुडवायचा, पिन बाहेर थंडच ठेवायची. २० मिमीचं भोक ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की साधारण ०.०२८ मिमीने मोठं होतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्यात पिन अंगठ्याने आत जाते. थंड पिस्टनमध्ये तीच पिन ठोकून घातली तर पिस्टन वाकडा होण्याचा धोका. काही इंजिनांत मात्र पिन रॉडमध्येच जाम बसवलेली असते. ते काम प्रेसचं आणि लेथवाल्याचं, घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगचंही असंच. २८० मिमीची पोलादी रिंग २०० अंशांनी तापवली की व्यास साधारण ०.६७ मिमी वाढतो आणि ती अलगद पडते. फ्लायव्हीलची बैठक मात्र आधी घासून स्वच्छ हवी. खाली कचरा राहिला तर रिंग तिरकी बसेल आणि थंड होताच तशीच घट्ट होईल.

सर्वात फसवं प्रकरण मेन बेअरिंगच्या शेलचं. क्रँक ज्यांवर फिरतो त्या बेअरिंगची ही अर्धगोल पातळ वाटी, आणि तिला आवळून धरणारा अर्धा भाग म्हणजे कॅप. नवा शेल जागेवर दाबला की त्याची दोन्ही टोकं कॅपच्या काठापेक्षा किंचित वर राहतात. ही उंची मुद्दाम ठेवलेली असते. कॅप आवळल्यावर शेल तेवढा दाबला जातो आणि म्हणूनच जागेवर घट्ट राहतो. तरी काही मिस्त्री ती टोकं कानशीने घासून सपाट करतात. मग शेल सैल पडतो आणि पुढे इंजिन चालताना फिरतोसुद्धा. उलट शेलच्या पाठीमागे कापसाचा धागा किंवा धातूची कुसळ राहिली, किंवा कॅप उलटी लागली, तर क्रँक अडकतो. म्हणून कॅपा नंबरप्रमाणे लावायच्या आणि टॉर्क पान्याने एकेक आवळत जायचं. प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघायचा. ज्या कॅपनंतर तो जड झाला तीच उघडायची. सगळ्या आवळून मग शोधत बसलात तर आख्खी दुपार गेली.

गिअरबॉक्स जोडतानाही शेवटच्या दोन सुतांची फट बंद होत नाही आणि लोक ती बोल्टांनी ओढून घेतात. तिथे घट्ट असं काहीच नसतं. क्लच प्लेट मध्यावर नसल्याने गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून आत जाणाऱ्या दांड्याचं) टोक क्रँकच्या बुशावर अडलेलं असतं आणि ओढलेल्या बोल्टाने बेलहाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या आवरणाचा) कान फुटतो. जुना इनपुट शाफ्ट घालून आधी प्लेट मध्यावर आणा, मग क्लचचे बोल्ट आवळा. त्यानंतर गिअरबॉक्स हाताने हलवत हलवतच पूर्ण आत जातो, बोल्ट लावायच्या आधी.